शिराझ, मोह आणि आपण



गेल्या महिन्यात ऑफिसची टीम घेऊन नाशिकला वाइनरी बघायला गेलो होतो. गाइड शिराझबद्दल भरभरून बोलत होता: माती, ऊन, ओकचे पिंप वगैरे. मी मूळचा साकोलीकडचा (जि. भंडारा). मनात आलं, आमच्या मोहाबद्दल असं कुणी कधी बोललंय का? घरी आल्यावर थोडं वाचलं, ते इथे लिहितो.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे गळतात. पिवळसर, मांसल, गोडमिट्ट. आमची आजी टोपली घेऊन अंधारातच निघायची. फुलं वाळवली की वर्षभर टिकतात. लाडू होतात, गुरांना घालतात, बियांचं तेल निघतं, आणि हो, दारूही गाळतात! चरकसंहितेत फुलांपासून करायच्या दहा आसवांची यादी आहे, त्यात मधूक म्हणजे आपला मोह आहे. म्हणजे हे प्रकरण काही नवीन नाही.

मग ही दारू 'चोरटी' कधी झाली? मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला. उरणला मोहाच्या मोठ्या भट्ट्या होत्या. गावातली भट्टी बंद झाली नाही तर सरकारचा महसूल बुडणार, म्हणून 1892 मध्ये थेट फुलावरच कायदा आला: म्हौरा अ‍ॅक्ट. दारू सोडाच, ठाणे-कुलाब्यात फूल जवळ बाळगणंही संशयाचं झालं. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, पण तिथेही भट्ट्या मक्त्यानेच दिल्या जात. 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे 1949 चा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू झाला. फुलं साठवायला, विकायला, वाहून न्यायला परवान्यांच्या अटी आल्या.

आता गंमत बघा. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. द्राक्ष बाहेरचं, वाण फ्रान्सचे, तरी लाडाचं. मोहफुलांवरचे निर्बंध सैल व्हायला मात्र 2021 उजाडलं. मधे वीस वर्षं गेली. फूल वेचणाऱ्याला भाव वाटेल तो व्यापारीच ठरवत राहिला.

आता वारा फिरतोय. गोव्यात 2018 पासून मोहाची बाटलीबंद दारू मिळते, मध्य प्रदेशने 'हेरिटेज' दारूचं धोरण आणलं.

पण मी काही मोहाचा भाट नाही. शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या आंदोलनामुळे 1993 मध्ये दारूबंदी झाली. त्यांनी घरात काय भोगलं होतं ते आपण विसरता कामा नये. आणि फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात, हेही खरं.

मुद्दा एवढाच: 2021 मध्ये फूल मोकळं झालं, घरची भट्टी नाही. उद्या मोहाची महागडी बाटली मुंबईच्या बारमध्ये आली आणि पहाटे वेचणारीच्या टोपलीला मात्र तोच जुना भाव मिळाला, तर 1878 चा मक्ता फक्त नवीन लेबल लावून परत आला असं म्हणावं लागेल.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.