सीलियाचा खटला

राष्ट्राचा इतिहास राजधानींतच शोधावा असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा बराचसा इतिहास खेड्यापाड्यांतील कौंटी-कचेऱ्यांतून पडून आहे. कौंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखा मुलूख. व्हर्जिनियांतील अकोमॅक-नॉर्दॅम्प्टन भागांतील कोर्टाचे कागद तर १६३२ सालापासून सलग उपलब्ध आहेत. कर्ज, बांधाचे तंटे, मारामाऱ्या, खून, सारें अशा दप्तरांत नोंदलेलें असतें. मात्र ज्याचें बोलणें कायदाच ऐकून घेत नव्हता, त्याची हकीकत या कागदांत कशी सांपडावी? मिसूरी संस्थानांतील कॅलवे कौंटींत १८५५ सालीं चाललेला एक खटला या दृष्टीनें अभ्यसनीय आहे.

रॉबर्ट न्यूसम हा तेथील एक सधन शेतकरी. पत्नी वारल्यावर १८५० सालीं त्यानें शेजारच्या ऑड्रेन कौंटींतून सीलिया नांवाची सुमारें चौदा वर्षांची गुलाम मुलगी विकत आणिली. तेव्हांपासून पांच वर्षें तो तिच्यावर बलात्कार करीत राहिला. तिला दोन मुलें झालीं; १८५५ च्या उन्हाळ्यांत ती पुन्हां गरोदर व आजारी होती. तिनें मालकाच्या मुलींना विनविलें. पण कांहीं उपयोग झाला नाहीं. २३ जूनच्या रात्रीं न्यूसम तिच्या झोपडींत आला, तेव्हां तिनें काठीनें दोन प्रहार केले आणि तो मेला. भयभीत होऊन तिनें प्रेत रात्रभर आगटींत जाळलें.

ऑक्टोबरांत फुल्टन येथें न्यायाधीश विल्यम हॉल यांच्यापुढें खटला उभा राहिला. ज्यूरीचे बाराहि सभासद गोरे पुरुष होते. गुलामाला गोऱ्या मनुष्याविरुद्ध साक्ष देण्यास कायद्याची बंदी असल्यामुळें, ज्यांनीं तिचा कबुलीजबाब ऐकला होता, त्यांच्याच तोंडून तिची कहाणी कोर्टापुढें आली. तिचे वकील जॉन जेमसन हे पूर्वीं काँग्रेसचे सभासद होते. त्यांनीं मोठ्या धैर्यानें असा मुद्दा मांडला कीं, १८४५ च्या कायद्यानें ‘कोणत्याहि स्त्रीला’ बलात्कारापासून संरक्षण दिलें आहे, आणि गुलाम स्त्री ही स्त्रीच होय. सबब अब्रूच्या रक्षणार्थ केलेला प्रहार खून ठरूं नये. ज्यूरीला तसें समजावून सांगावें, ही त्यांची मागणी हॉल यांनीं फेटाळली. १० ऑक्टोबरला ज्यूरीनें तिला दोषी ठरविलें. वरिष्ठ न्यायालयानेंहि शिक्षा तहकूब केली नाहीं, आणि २१ डिसेंबर १८५५ रोजीं, वयाच्या सुमारें एकोणिसाव्या वर्षीं, सीलिया फांसावर चढली.

‘कोणतीहि स्त्री’ या दोन शब्दांचा सरळ अर्थ घेतला असता, तर मालकाचा गुलामावरील अनिर्बंध हक्कच डळमळला असता. तो हक्क राखण्यासाठीं न्यायासनानें कायद्याचे शब्दहि बाजूला सारले.

तथापि जेमसन यांची नाकारलेली मागणी लेखी होती, व ती इतर कागदांबरोबर कौंटीच्या दप्तरांत राहिली. त्या कागदांवरून इतिहासकार मेल्टन मॅक्लॉरिन यांनीं १९९१ सालीं सीलियाचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मिसूरीच्या गव्हर्नरांनीं तिला मरणोत्तर क्षमा जाहीर केली. क्षमेनें गेलेला प्राण परत येत नाहीं. परंतु ज्या कोर्टानें सीलियाला बोलूं दिलें नाहीं, त्याच्याच दप्तरानें तिची बाजू एकशेंसाठांहून अधिक वर्षें जतन केली, हें विसरतां येत नाहीं.