फिलोपिमिन फिनोस आणि ग्रीक बोलपटाची भाषा

फिलोपिमिन फिनोस (१९०८–१९७७) या ग्रीक चित्रपट-निर्मात्याचे नाव बहुधा व्यावसायिक यशासाठीच घेतले जाते. त्याच्या ‘फिनोस फिल्म’ या संस्थेने १८०हून अधिक चित्रपट काढले. हे यश लहान नव्हे. परंतु भाषेच्या अभ्यासकाने त्याच्याकडे निराळ्या अंगाने पाहावयास हवे. फिनोसचा ओढा प्रथमपासून ध्वनिमुद्रणाकडे होता.

१९३० नंतरच्या दशकात ग्रीसमध्ये ध्वनिमुद्रणाची पुरेशी सोय नसल्यामुळे काही ग्रीक बोलपट इजिप्तमध्ये तयार होत. दशकाच्या अखेरीस फिनोसने ‘विरहगीत’ हा बोलपट मायदेशातच काढला. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. पुढे जर्मन अंमलाखाली, १९४३ साली, ‘फिनोस फिल्म’ उभी राहिली व ‘हृदयाचा आवाज’ त्याच वर्षी पडद्यावर आला. याच अंमलात जर्मनांनी त्याच्या वडिलांना ठार केले.

त्या काळी ग्रीसची राजभाषा ‘काथारेव्हुसा’ ही होती. प्राचीन ग्रीकच्या वळणावर मुद्दाम घडविलेली ही भाषा कोणाच्याही घरात बोलली जात नसे. लोकांची भाषा ‘दिमोतिकी’. १९०३ साली एस्खिलोसची नाटके आधुनिक भाषांतरात रंगभूमीवर आणली, एवढ्यावरून अथेन्समध्ये दंगल उसळली व माणसे दगावली. हे ध्यानात घेतले म्हणजे १९६२ सालच्या ‘इलेक्ट्रा’चे महत्त्व कळते. काकोयानिस याने दिग्दर्शित केलेल्या या ‘फिनोस फिल्म’च्या चित्रपटात युरिपिडीसची पात्रे आधुनिक ग्रीक बोलतात, आणि दंगल तर सोडाच, चित्रपटाचा गौरव झाला! मात्र भाषेचे खरे कार्य अशा गंभीर कृतींपेक्षा साकेलारिओसच्या विनोदी चित्रपटांनी अधिक केले, असे मला वाटते. १९५५ सालच्या त्याच्या चित्रपटात रस्तोरस्ती पेटी वाजवीत हिंडणारे दोन गरीब वादक नायक आहेत. त्यांच्या तोंडी काथारेव्हुसा घातली असती तर प्रेक्षागृह भलत्याच ठिकाणी हसले असते.

फिनोसला भाषासुधारक ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. तिकीट घेणाऱ्याला कळेल व रुचेल ते तो ऐकवीत होता. त्यात तत्त्वापेक्षा व्यवहार अधिक. तरीही शाळेत एक भाषा आणि चित्रगृहात दुसरी, अशी स्थिती दोन पिढ्यांनी अनुभवली. १९६७ ते १९७४ या लष्करी राजवटीने काथारेव्हुसाचा आग्रह धरला, त्या वर्षांतही पडदा दिमोतिकीच बोलत राहिला.

१९७६ साली कायद्याने दिमोतिकी शिक्षणाची भाषा झाली. तोवर दूरचित्रवाणीने प्रेक्षक ओढून नेले होते. जानेवारी १९७७ मध्ये फिनोस वारला आणि त्याच्या संस्थेची चित्रपटनिर्मितीही त्याच वर्षी थांबली.