गेमिंग मॉनिटर घेताना: रंग बघायचे की रिझोल्युशन?

ईदीचे पैसे साठवून पोरगा म्हणतो, "अब्बा, फोर-केच घेऊ." दुकानदार म्हणतो, "रंग बघा साहेब, रंग!" घरातला पैसा मात्र एकदाच जाणार. त्यात त्याच पडद्यावर धाकटीचा अभ्यास, मोठ्याचं लग्नाच्या अल्बमचं डिझाइन आणि रात्रीचा गेम, सगळंच चालणार.

नगरच्या कापड बाजारात कापड घेताना आपण वीण बघतो आणि रंग बघतो. रिझोल्युशन म्हणजे वीण. फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. क्यूएचडीत (२५६० बाय १४४०) ३६.९ लाख, तर फोर-केत ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. गेम ६० फ्रेमवर चालवायचा तर हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा ग्राफिक्स कार्डाला रंगवावे लागतात. साधं कार्ड असेल तर गेम अडखळतो, मग सेटिंग खाली आणावी लागते आणि फोर-केचे जादा पैसे वाया जातात.

वीण बारीक दिसते की नाही, हे आकारावरही ठरतं. २४ इंची फुल एचडीत इंचाला सुमारे ९२ ठिपके बसतात, ते चालतं. तेच २७ इंचात ८२ वर येतं आणि अक्षरं भरभरीत वाटतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर क्यूएचडी घ्या, तिथे १०९ मिळतात.

आता रंग. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 'एसआरजीबी' हे माप ठरवलं. आजही बहुतेक गेम आणि नेटवरचे फोटो त्याच मापाने बनतात. खोक्यावर मात्र कधी कधी '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन टीव्हीचं जुनं माप. त्याचे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्केवाला पडदा त्याच्या पावणेदोन तृतीयांशाच्या आसपासच रंग दाखवतो. नवरीचा लाल शरारा तिथे विटकरी होतो. स्वस्त लॅपटॉपांत हा प्रकार फार. असला पडदा फोर-के असला तरी आमच्या मते घेऊ नये.

पण एसआरजीबी पूर्ण झाल्यावर आणखी रंगांसाठी जादा पैसे मोजायची घाई नको. '९५ टक्के डीसीआय-पी३' हे सिनेमाचं माप, एसआरजीबीपेक्षा साधारण पाव हिस्सा मोठं. साधा गेम त्यावर लावला तर चेहरे लालबुंद दिसतात. मेन्यूत जाऊन एसआरजीबी मोड लावावा लागतो. हा मोठा पल्ला खरा उपयोगी पडतो एचडीआर गेममध्ये, आणि त्यासाठी पडदा भरपूर उजेडाचा किंवा ओलेड लागतो. नुसत्या 'एचडीआर सपोर्ट'च्या स्टिकरला भुलू नका.

म्हणजे क्रम असा: आधी आकाराला शोभेल इतकंच रिझोल्युशन, मग पूर्ण एसआरजीबी, मग उरलेले पैसे. व्हॅलोरंटसारखे झटपट गेम खेळणाऱ्याने ते १४४ हर्ट्झवर घालावेत. तिथे त्याला रंग आणि ठिपके, दोन्हीपेक्षा त्याचाच फायदा जास्त.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये घरच्याच एखाद्या निकाहचा फोटो घेऊन जा. कंपनीचा चमकदार डेमो बंद करायला सांगा, तो फोटो लावा आणि ओळखीच्या चेहऱ्याचा रंग बघा. शेजारी दुसरा मॉनिटर असेल तर त्यावरही तोच लावायला सांगा.