कृष्णेचे पाणी आणि निधीचे राजकारण

नद्यांच्या पाण्याचे तंटे आपण बहुधा निवाड्यांच्या अंगाने वाचतो. कोणत्या राज्याला किती पाणी, कोणत्या धरणाची उंची किती, एवढ्यावरच चर्चा थांबते. वास्तविक निवाड्याने मिळते ते कागदावरचे पाणी; ते शिवारापर्यंत नेतो तो पैसा. हा पैसा कोणी, केव्हा व कोणत्या अटींवर दिला याचा इतिहास तितकासा लिहिला गेलेला नाही. कृष्णाखोऱ्यापुरता तो थोडक्यात मांडण्याचा आमचा हेतू आहे. कारण सीमेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या जीवनाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

या इतिहासाचे मूळ ब्रिटिश अमदानीत सापडते. त्या काळी पाटबंधाऱ्यांची दोन वर्गांत विभागणी होत असे. ज्यांच्या उत्पन्नातून भांडवलावरील व्याज सुटेल ती ‘उत्पादक’ कामे कर्ज काढून होत. दुष्काळ निवारणासाठीची ‘संरक्षक’ कामे मात्र दुष्काळ निधीतील तुटपुंज्या रकमेवर अवलंबून राहत. दख्खनच्या अवर्षणप्रवण पठारावरील कामे बहुतेक दुसऱ्या वर्गात मोडत. म्हणजे जेथे पाण्याची निकड अधिक, तेथे पैशाची वाट अरुंद, असा प्रकार होता.

स्वातंत्र्यानंतर पाटबंधारे हा राज्यांचा विषय राहिला, पण तिजोरीची किल्ली बव्हंशी दिल्लीकडे होती. १९६९ साली धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाणारे केंद्रीय साहाय्याचे सूत्र लागू झाले. त्यात लोकसंख्येला ६० टक्के भार होता, तर चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना १० टक्के. पुढे १९८० च्या सुधारणेत हा प्रकल्पांचा वाटा वगळण्यात आला. अपुऱ्या प्रकल्पांचा बोजा त्यानंतर अधिकच राज्यांच्या खांद्यावर आला.

१९६९ सालीच न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणीतंटा लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा १९७६ च्या मे महिन्यात राजपत्रात प्रसिद्ध झाला. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या २०६० टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी असे वाटप झाले. पुनर्वापराचे पाणी त्याखेरीज. परंतु पुढील राजकारण घडले ते या आकड्यांपेक्षा एका कलमाने. ३१ मे २००० नंतर निवाड्याचे पुनर्विलोकन होऊ शकेल, मात्र वाटपाच्या मर्यादेत जो वापर राज्यांनी तोवर सुरू केला असेल त्याला शक्यतो धक्का लावू नये, असा त्याचा आशय होता. राज्यकर्त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला: जे अडवले ते आपले, जे राहिले ते गेले.

अशा रीतीने पाण्याला मुदत लागली आणि तीच पैशालाही लागली. कर्नाटकाने १९९४ साली कृष्णा भाग्य जल निगम स्थापला. महाराष्ट्राने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ. अर्थसंकल्पात न मावणारा पैसा दोन्ही संस्थांनी कर्जरोख्यांद्वारे बाजारातून उभारला आणि त्यास शासनाने हमी दिली. १९९६-९७ पासून केंद्राच्या वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रमाची कर्जेही मिळू लागली.

शासकीय सेवेत ज्यांनी वर्षे काढली त्यांना पुढचा क्रम परिचयाचा आहे. पैसा मर्यादित आणि भूमिपूजने अनेक असली की प्रत्येक कामाच्या वाट्याला नाममात्र तरतूद येते. काम लांबते, दर वाढतात, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. धरणाची भिंत दुरूनही दिसते आणि हक्काचा पुरावा ठरते. तिला अग्रक्रम मिळतो. कालवे व वितरिका मात्र शेवटच्या रांगेत उभ्या राहतात. व्याज आकारणारा त्यांच्यासाठी थांबत नाही.

याच वेळी राज्यांतर्गत वादही पेटला. दांडेकर समितीने १९८४ साली विदर्भ व मराठवाड्याच्या अनुशेषाचे मोजमाप मांडले होते. मुदतीच्या नावाखाली कृष्णाखोऱ्यात पैसा ओतला जातो, मग आमच्या अनुशेषाचे काय, हा तेथील प्रश्न गैरवाजवी नव्हता. १९९७-९८ मध्ये इतर खोऱ्यांसाठीही महामंडळे निघाली, आणि २००१ पासून राज्यपालांच्या निर्देशांनी सिंचन निधीचे प्रदेशवार वाटप बांधले गेले. हे न्याय्य होते. पण त्याची झळ लागली ती जत, आटपाडी, सांगोला यांसारख्या तालुक्यांना. प्रदेश म्हणून ते ‘पुढारलेल्या’ पश्चिम महाराष्ट्रात मोजले जात, पाऊस मात्र त्यांच्याकडे दुष्काळाचाच. म्हैसाळ व टेंभू उपसा योजना निधीअभावी रेंगाळल्या.

याचे फळ सीमेवर दिसले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील ४० गावांचा विषय काढला, तेव्हा आधार दिला तो त्या गावांनी पूर्वी पाण्यासाठी केलेल्या ठरावांचा. भाषेच्या वादात पाण्याची तहान बोलत होती! त्यानंतर म्हैसाळच्या विस्ताराला जी गती आली, ती तरतुदीने पूर्वी आली असती तर तो विषय निघालाच नसता, असे आम्हास वाटते.

दैवाचा खेळ असा की, ज्या भयाने ही घाई झाली ते भय खरे ठरले नाही. ब्रिजेशकुमार लवादाने ३० डिसेंबर २०१० च्या निवाड्यात बच्छावत लवादाचे मूळ वाटप कायम ठेवले. पाणी गेले नाही; कर्ज मात्र राहिले, आणि अपुरे कालवेही राहिले.

यावरून मुदत निरर्थक होती असे आम्ही म्हणत नाही. मुदत नसती तर कित्येक धरणे आजही नकाशावरच असती. आमचे म्हणणे एवढेच की, पाण्याचा हक्क आणि त्यासाठीचा निधी यांचा विचार एकत्र झाला पाहिजे. अमुक टीएमसी मिळाले म्हणून पेढे वाटण्यापूर्वी शेवटच्या वितरिकेसाठी कोणत्या वर्षी किती तरतूद आहे, हे नागरिकांनी विचारावे. अर्थसंकल्पाची ती रुक्ष पाने वाचणे हेही पाण्याच्या लढ्याचेच अंग आहे.