बातमीसाठी दोन कॅमेरे, आणि जिथे एकही नव्हता तिथला इतिहास

जुन्या प्रेस फोटोग्राफरच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन कॅमेरे का असायचे? जतमध्ये इतिहासाच्या गप्पा निघाल्या की कॉलेजातली मुलं मला हे हमखास विचारतात. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला ते कोडं वाटणारच. उत्तर साधं आहे. फिल्म संपायची.

स्पीड ग्राफिक या अवजड कॅमेऱ्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे बसत. रोलीफ्लेक्सच्या रोलवर १२ फोटो निघत, ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे, मग तो काढून नवा लावायचा. रोल बदलेपर्यंत नेता निघून जाई, म्हणून दुसरा भरलेला कॅमेरा तयार हवा. पुढे कामाची वाटणीही झाली. एकाला वाइड लेन्स, दुसऱ्याला टेली. एकात वर्तमानपत्रासाठी ब्लॅक अँड व्हाइट रोल, दुसऱ्यात मासिकासाठी रंगीत. शिवाय एक बिघडला तर दुसरा असावा, ही काळजी होतीच.

हे ओझं वाहणाऱ्यांत आपल्याकडचं मोठं नाव होमाय व्यारावाला यांचं. जन्म १९१३चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. १९४२मध्ये त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसलेल्या होमायबाई खांद्यावर सामान घेऊन सायकलवरून कामाला निघत. फाळणीच्या मतदानासाठी वर झालेले काँग्रेस नेत्यांचे हात त्यांनी टिपले. जिनांच्या दिल्लीतल्या शेवटच्या पत्रकार परिषदेत उंचीवरून फोटो मिळावा म्हणून त्या खोक्यावर चढल्या आणि पडल्या. जिनांनी त्यांना लागलं का म्हणून विचारलं. ऑगस्ट १९४७मध्ये जिना कराचीला गेले. मागे राहिलेल्या मुसलमानांचं पुढे काय, हा प्रश्न मात्र इथेच राहिला.

३० जानेवारी १९४८ला होमायबाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, पण पतीने थांबवलं म्हणून त्या मागे फिरल्या. ती संध्याकाळ हुकल्याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. कॅमेरे कितीही असोत, माणूस जागेवर हवा.

दिल्लीत निदान फोटोग्राफर तरी होते. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांच्या जुलमाचा शेवट झाला, पण त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत साध्यासुध्या मुसलमानांवर जे ओढवलं, त्याची चौकशी सुंदरलाल समितीने केली. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार. हा अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. आपलं जत संस्थान त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं. सरहद्द फार लांब नव्हती.

फाळणी म्हटली की डोळ्यांसमोर फोटो उभे राहतात. उस्मानाबाद म्हटलं की काहीच उभं राहत नाही. ज्याचा फोटो नाही ते घडलंच नाही, असं मानायची सवय समाजाला लागते. अशा वेळी उरते ती सांगणाऱ्यांची जबान, आणि तीही आता थकत चालली आहे.

म्हणून मुलांना मी एवढंच सांगतो: घरातल्या पेट्या उघडा, फोटोच्या मागे नावं आणि साल लिहा. गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर निगेटिव्ह भंगारात जाऊ देऊ नका. आणि आजी-आजोबा बोलत असतील तर मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. दोन कॅमेऱ्यांचं काम आज खिशातला एक मोबाइल करतो. आता फिल्म संपल्याची सबब आपल्याला नाही.