तुरुंगातील मानसोपचारतज्ज्ञ : नेदरलँड्समधील पद्धत



इथल्या तुरुंगांत मानसोपचारतज्ज्ञ नेमके काय करतात, याची थोडक्यात माहिती देत आहोत. त्यांची कामे दोन प्रकारची असतात.

१) उपचार : मानसिक आजार असलेल्या कैद्यांसाठी स्खेव्हेनिंगन, झ्वोले, झानस्टाड आदी ठिकाणच्या तुरुंगांत खास केंद्रे (पीपीसी) आहेत. येथील डॉक्टर कैद्याचा स्वतःचा डॉक्टर असतो. कैद्याने सांगितलेले गुप्त राखणे त्याला बंधनकारक असते.

२) न्यायालयासाठी तपासणी : पीटर बान केंद्र १९४९ साली उट्रेख्तला सुरू झाले, २०१८ पासून ते आल्मेरे येथे आहे. आरोपीला काही आठवडे तिथे ठेवतात. गुन्ह्याच्या वेळी तो मनोरुग्ण होता का, पुन्हा गुन्ह्याचा धोका किती, हे मानसोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ तपासतात. इथे बोललेले मात्र अहवालातून न्यायाधीशांपर्यंत जाऊ शकते.

अहवाल पाहून न्यायाधीश 'टीबीएस', म्हणजे बंदिस्त केंद्रात सक्तीचे उपचार, फर्मावू शकतात. या कायद्याचे मूळ १९२८ सालचे आहे. गंभीर हिंसक गुन्ह्यांत ही मुदत एकेक-दोनदोन वर्षांनी वाढवता येते, म्हणून सुटकेची तारीख आधी कळत नाही. या भीतीने काही आरोपी तपासणीत तोंडच उघडत नाहीत.

भारतात शिकलेल्या डॉक्टरांना या कामासाठी बीआयजी नोंदणी आणि उत्तम डच हवे, कारण सारी भिस्त बोलण्यावरच असते.

ओळखीच्या कोणावर असा प्रसंग आलाच, तर समोरचा डॉक्टर उपचार करणारा की अहवाल लिहिणारा, हे आधी विचारून घ्यावे.