नंबर आहे, नाव नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘थ्री नॉट थ्री’ हे शब्द ज्याने आयुष्यात कधी बंदुकीला हात लावला नाही, त्यालाही माहीत असतात. आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाने ही रायफल कचेरीच्या खजिन्यावरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर पाहिली, निवडणुकीच्या दिवशी मराठी शाळेच्या दारात पाहिली. कॉलेजात एनसीसीला असलेल्यांनी परेडमध्ये तिचे वजन सोसले. चार किलोच्या आसपास भार, दहा गोळ्यांचे मॅगझिन, लाकडी दस्ता आणि नळीचा व्यास पॉइंट तीनशे तीन इंच, म्हणून हे नाव. पाहिली सगळ्यांनी, वाचली फार थोड्यांनी.

वाचली, असे मी मुद्दाम म्हणतो. ही रायफल म्हणजे लोखंडावर लिहिलेला कागद आहे. तो कसा वाचायचा हे आज सांगायचे आहे आणि त्यात काय लिहिलेले नसते, तेही.

दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या अंगाला बोटभर रुंदीची जागा असते. सगळा मुख्य मजकूर तिथे. सर्वांत वर मुकुट. त्याखाली राजाची अक्षरे. ‘ई आर’ असेल तर सातवा एडवर्ड, म्हणजे रायफल १९१० च्या आधीची किंवा त्या सुमाराची. ‘जी आर’ असेल तर जॉर्ज. हिंदुस्थानात घडलेल्या रायफलीवर ‘जी आर आय’ अशी तीन अक्षरे दिसतात. तो तिसरा ‘आय’ लॅटिनमधल्या ‘सम्राट’ या शब्दाचा. इंग्लंडात जो राजा होता, तो इथे सम्राट होता. एका अक्षरात एवढे राजकारण मावलेले आहे.

त्याखाली कारखान्याचे नाव. एन्फिल्ड हा इंग्लंडातला सरकारी कारखाना. ‘बी एस ए’ म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. पुढे याच कंपनीच्या मोटारसायकली आपल्या रस्त्यांवर फटफटत होत्या. आणि ‘इशापूर’ म्हणजे बंगालात हुगळीकाठचा, विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला रायफल कारखाना. मग साल आणि मॉडेलचा रोमन आकडा. मार्क तीन हे मॉडेल १९०७ चे. काही रायफलींवर या आकड्यापुढे एक चांदणी ठोकलेली असते. ही चांदणी १९१६ मध्ये आली. महायुद्धात रायफली पुरेनात, तेव्हा लांबच्या माऱ्यासाठी बाजूला बसवलेली नेमकाठी आणि मॅगझिन अडवणारी पट्टी असे काही भाग गाळून त्या झटपट बनवायला सुरुवात झाली. ती चांदणी म्हणजे शोभा नव्हे, युद्धाच्या घाईची खूण आहे.

स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला. अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ‘आर एफ आय’, म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, ही अक्षरे आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याच बांध्यात ७.६२ मिलिमीटरची रायफल इशापूरलाच तयार झाली. सम्राटापासून प्रजासत्ताकापर्यंतचा इतिहास असा चार बोटे लोखंडावर वाचता येतो.

आता बारीक खुणा. तीन रेघांचा बाण ही सरकारी मालमत्तेची खूण. त्याला ‘आय’ जोडलेला असेल तर मालक हिंदुस्थान सरकार. ‘डी पी’ ही अक्षरे असतील तर रायफल फक्त कवायतीपुरती, गोळी झाडायला धोक्याची. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले असतील, तर सरकारने ती रायफल नोकरीतून काढून विकली, असे समजायचे. माणसाला निवृत्तीचा कागद मिळतो, तसा हा रायफलीचा.

खुणांचा हा प्रवास आपल्या पुणे जिल्ह्यातही येतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे बनलेल्या काडतुसाच्या पितळी बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे आणि साल असे. के म्हणजे किरकी, साहेबाच्या तोंडची आपली खडकी. रायफल हुगळीकाठची, काडतूस मुळाकाठचे आणि ते झाडणारा कदाचित नीरा-भीमेच्या काठचा, अशी ही गाठ.

यात काही खुणा अविश्वासाच्याही आहेत. इंग्रज अमलात याच रायफलीची नळी आतून गुळगुळीत करून, तोंड मोठे करून पॉइंट चारशे दहाची बंदूक इशापूरला बनवली जाई आणि पोलिसांना, पहारेकऱ्यांना दिली जाई. तिचा मारा थोडा आणि पलटणीतले काडतूस तिला चालत नसे. म्हणजे ती हिसकावून नेली तरी सरकारला भय नको. १८५७ ची धास्ती अशी नळीच्या व्यासात उतरली होती.

या खुणा वाचण्याचा नाद जगभर लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लाखो रायफली सरकारांना जड झाल्या आणि व्यापाऱ्यांनी त्या घाऊक भावात उचलल्या. अमेरिकेत त्या टपालाने घरपोच मिळत. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट किमतीची, इटलीच्या सैन्यातून निघालेली एक जुनी रायफल खोट्या नावाने मागवली गेली. २२ नोव्हेंबरला डलासमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. सापडलेली रायफल जर्मन माउझर आहे, असे प्रथम सांगण्यात आले. मग कोणीतरी लोखंड वाचले. ‘मेड इटली’, ‘१९४०’ आणि ‘सी २७६६’ हा क्रमांक. त्या क्रमांकावरून दुकानाच्या दप्तरातली मागणीची चिठ्ठी निघाली आणि हस्ताक्षर ली हार्वे ऑस्वाल्डचे ठरले. टपालाने बंदुका विकण्यावर १९६८ च्या कायद्याने तिथे बंधन आले.

आपल्याकडे थ्री नॉट थ्री हे सैन्याचे हत्यार असल्याने साध्या नागरिकाला ते विकत घेता येत नाही. इशापूरच्या जुन्या रायफली मात्र अमेरिकेतल्या दुकानांत पोहोचल्या आणि तिथले हौशी लोक भिंगातून त्यांच्यावरची अक्षरे लावत बसतात. बोल्टवरचा क्रमांक आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का, हे ते आधी पाहतात. कारण प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घातला तर गोळी झाडताना घात होऊ शकतो. आपल्या देशात मात्र ही रायफल फार काळ कामावर राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती हीच थ्री नॉट थ्री होती आणि काहींच्या हाती नुसती काठी.

श्रोतेहो, राजा, कारखाना, साल, मॉडेल, तपासनिसाचा शिक्का, मालक, विक्री, सगळे रायफलीवर आहे. एक माणूस तेवढा नाही. ज्याने ती खांद्यावर वाहिली, तो.

पूर्वी दस्त्याच्या उजव्या अंगाला एक पितळी चकती असे. तिच्यावर पलटणीचे नाव आणि रायफलीचा क्रमांक कोरत. शिपाई आपला बट नंबर पाठ ठेवी. कोतातून हत्यार त्या नंबरावर मिळे. पुढे चकतीही गेली. पण चकती होती तेव्हाही तिच्यावर शिपायाचे नाव नव्हते. मी कवितेचा माणूस. आमच्या बारामतीच्या मोरोपंतांनी आपल्या रचनांत ‘मयूर’ हे नाव गुंफले. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो. रायफलीवर लोखंड तपासणाऱ्याचीही मुद्रा उमटते. तिला जन्मभर पुसून, तेल घालून जपणाऱ्याची नाही.

हा माणूस कोण होता? पहिल्या महायुद्धात पुणे, सातारा, नगरकडच्या कोरडवाहू गावांतून मराठा पलटणींत भरती झाली. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेचे नावच सहावी पूना डिव्हिजन होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ‘मराठा’ हे नाव असले तरी या पलटणींत दख्खनी मुसलमानांचीही तुकडी असे. एका पलटणीत दोन्ही घरची पोरे होती. समोरचा तुर्की सुलतान हा खलिफा मानला जाई. त्या पोरांच्या मनात तेव्हा काय चालले असेल, याची खूण कुठल्याच लोखंडावर उमटत नाही.

डिसेंबर १९१५ पासून ही फौज तैग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकली. धान्य संपत आले, घोडे मारून खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्याआधी तोफा आणि दारूगोळा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून नष्ट केला गेला. माणसांना मात्र वाळवंटातून पायी चालवत नेले, रेल्वेच्या रुळांच्या कामाला जुंपले. त्यांतले हजारो परतले नाहीत.

त्याच एप्रिलमध्ये तुर्कांशी वाटाघाट करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत एक तरुण होता, टी. ई. लॉरेन्स. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला. त्याची थ्री नॉट थ्री आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. ती मूळची एसेक्स पलटणीची. दार्दानेल्सच्या लढाईत ती तुर्कांच्या हाती लागली. ही आमची लूट, अशी सोनेरी अक्षरे तिच्यावर जडवून एन्व्हर पाशाने ती अमीर फैसलला दिली, फैसलने लॉरेन्सला. लॉरेन्सने दस्त्यावर आपली आद्याक्षरे आणि ४-१२-१६ ही तारीख कोरली. एकाच हत्याराची अशी पूर्ण वंशावळ हाती लागते, कारण ते मोठ्यांच्या हातांतून फिरले. ज्या एसेक्सच्या शिपायाकडून ते आधी गेले, त्याचे नाव तिच्यावरही नाही.

शिपायाची ही गोष्ट लोखंडावर संपत नाही, दगडावरही तशीच आहे. पुणे, सातारा जिल्ह्यांत अनेक गावांच्या चावडीवर किंवा वेशीवर एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस, दोन आकडे. नाव एकही नाही. इंदापूर तालुक्यातली काही गावे तर उजनीच्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. वेशी आणि चावड्या सोडून आलेल्या गावांत आठवणीला दगडाचाही आधार उरला नाही.

इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची आठवण आहे. तिथे अधिकाऱ्यांची आणि इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार आकडे. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने हे स्मारक उचलून दूर वाळवंटात नेले गेले. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये या भेदाची चौकशी करून अहवाल दिला आणि माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या किमान ४५ हजार मृतांना इतरांसारखी वागणूक मिळाली नव्हती, असे त्यात म्हटले आहे. सगळीकडेच असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. म्हणजे नावे माहीत होती. कोरायची की नाही, हा इच्छेचा प्रश्न होता.

आणि नाव एका जागी निश्चित कोरलेले आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायाला चांदीचे एक पदक मिळे. पुढच्या बाजूला पंचम जॉर्ज, मागे घोडेस्वार. पण मोल आहे ते त्याच्या कडेला. त्या पातळ कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. सरकारने त्याचे नाव धातूवर लिहिले ते तिथे. पणजोबांचा ‘बिल्ला’ म्हणून तो ट्रंकेत, देव्हाऱ्यात पडून असतो. दुष्काळाच्या साली, लग्नकार्याला, नाहीतर वाटणीच्या वेळी तो सराफाच्या तागडीत जातो. तागडीवर तो जेमतेम अडीच-तीन तोळे भरतो. मुशीत राजा वितळतो, घोडा वितळतो आणि त्यांच्याबरोबर ते नावही वितळते.

पंजाबात गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या होत्या. त्यांतल्या सुमारे ३ लाख २० हजार नोंदी २०२१ पासून संगणकावर येऊ लागल्या आणि विलायतेतल्या नातवंडांना पणजोबा सापडले. आपल्याकडे ही वही घराघरांत पसरलेली आहे; पदकाच्या कडेवर, सुटीच्या दाखल्यावर, पेन्शनच्या पिवळ्या कागदावर. माझे मागणे लहान आहे. घरात असा बिल्ला असेल तर तो उजेडात धरा आणि त्याची कड वाचा. अक्षरे इंग्रजी असतील, झिजलेली असतील. शाळेतल्या मुलाच्या हाती भिंग द्या, तो लावील. कडेवरचे नाव आणि पलटण वहीत उतरून घ्या. कॉमनवेल्थ आयोगाच्या संकेतस्थळावर आज मृत शिपायाचा शोध नावाने घेता येतो. मग गावच्या पाटीवरच्या आकड्यातून निदान एक माणूस बाहेर काढता येईल. विकायचाच असेल तर विका, गरज कोणाला चुकली आहे? पण विकण्याआधी वाचा.